पायांनी म्हणायचं गीत

मंगळवार, ३ नोव्हेंबर

पोचले. गाडीवानाने पेटी, दोन गाठोडी आणि माझ्या नवऱ्याच्या, रेम्मरच्या, स्वरलिपींचा गठ्ठा उंबऱ्यात उतरवला आणि टोपी वाऱ्यावर जायच्या आत घोडी वळवली. घर लहान आहे, पण कोरडं. चूल धुरकट नाही. खिडकीतून चर्चची भिंत दिसते आणि तिच्यामागे बांध. समुद्र बांधापलीकडे, म्हणून दिसत नाही, नुसता ऐकू येतो. मला तेवढा पुरे.

शेजारची गेशे चहा घेऊन आली. साठीची असेल, माझ्यासारखीच काळ्या कपड्यांतली. तीन कप झाल्याशिवाय उठायचं नाही हा नियम इकडेही आहे हे बघून बरं वाटलं. आधीच्या मास्तरांना साय कपात नुसती सोडून द्यायची हे शेवटपर्यंत जमलं नाही, चमच्याने ढवळायचे, असं तिने सांगितलं. तिच्या लेखी माणसाबद्दल याहून वाईट बोलता येत नसावं. मी ढवळलं नाही. पास झाले.

ऑर्गन वाजवायची नोकरी ईस्टरपर्यंतची आहे. मग नवे मास्तर येतील, शाळा आणि ऑर्गन दोन्ही बघतील. बाईमाणूस ऑर्गनवर बसवायचं की नाही यावर चर्चच्या मंडळीच्या पंचांत बरीच चर्चा झाली म्हणे. शेवटी भाते चालवणारा वुब्बो म्हणाला की ऑर्गनला घागरा की विजार हे कुठे कळतंय, आणि विषय संपला.

दुपारी ऑर्गन पाहिला, चर्चमध्ये वर माडीवर, जिना चढून. हातांच्या पट्ट्यांच्या दोन ओळी, खाली पायपट्ट्या, दोन्ही बाजूंना सूर उघडायच्या खुंट्या. पट्ट्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत. बोटं आपोआप त्या खळग्यांत जाऊन बसतात. आवाज गोड नाही, खरा आहे. ऑर्गनला हवा देणारे भाते मागच्या मनोऱ्यातल्या खोलीत, त्याच जिन्याला लागून. वुब्बो एका तुळईवर चढतो, त्याच्या वजनाने ती खाली जाते, मग दुसरीवर. मी घंटीची दोरी ओढली की त्याने चालायला लागायचं. आज वाजवून झाल्यावर तो घाम पुसत बाहेर आला आणि म्हणाला, “मास्तरीणबाई, वाजवतो मीच. तुम्ही फक्त कुठल्या भोकातून ते ठरवता.”

किती दिवसांनी हसले.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

रोज दुपारी सराव करते. मला कोणी शिकवलेलं नाही. वाचायला शिकले ते दुकानदाराच्या पुड्यांच्या कागदांवरून, आणि स्वरलिपी कळायला लागली ती रेम्मरच्या शेजारी उभी राहून पानं उलटताना. पान वेळेवर उलटायचं तर कुठे पोचलोय हे कळावं लागतं. असं करत करत सगळंच कळायला लागलं. मग तो म्हणायचा, बस आता तू, मी भाते चालवतो. आमच्या चर्चमध्ये भात्यांना वेगळा माणूस नव्हता. मी घंटी ओढायच्या आधीच तो चालायला लागायचा. दम धरणं त्याला माहीतच नव्हतं.

गठ्ठ्यातून ते पूर्ववादन काढलं. समुद्रातून परत न आलेल्यांसाठी जे गीत आहे, त्याच्या आधी वाजवायचं. लिहिणारा याच किनाऱ्यावरचा कोणी जुना माणूस, पानावर नाव नाही. रेम्मर शेवटच्या वर्षभरात हेच वाजवत होता. पूर्ववादन म्हणजे मंडळीला खूण असते: आता हे गीत येतंय, चाल आठवा, श्वास घ्या. म्हणून त्यात कुठेतरी गीताची चाल असतेच. कधी वरच्या आवाजात नटवलेली, कधी मधल्या आवाजात लपवलेली. इथे मला ती सापडत नाही. दोन्ही हात सारखे वाहत असतात, उसंत नाही. खाली पाय मध्येच जाड सुरात काहीतरी घोगरं बोलतात आणि गप्प होतात. मी त्याला विचारलं होतं, यात चाल कुठाय? तो म्हणाला होता, “हातांत शोधू नकोस, टेट्टा.” पुढचं नंतर सांगतो म्हणाला.

नंतर तो बेटावरच्या शाळेची वाजवायची पेटी दुरुस्त करायला गेला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाजणातून पायी परत निघाला. धुकं उतरलं. याला दोन वर्षं झाली. काही सापडलं नाही, टोपीसुद्धा नाही.

मला हा तुकडा समजून घ्यायचाय. त्याचं राहिलेलं वाक्य ऐकायचंय, एवढंच.

रविवार, ८ नोव्हेंबर

पहिली उपासना पार पडली. इथली मंडळी इतकी सावकाश गाते की एका ओळीत माझं जेवण होईल. चुकले दोनदा. कोणी मागे वळून पाहिलं नाही, म्हणजे कळलं सगळ्यांना.

नंतर पास्टर लिंडेमान यांच्याकडे चहा. तरुण आहेत, शहरातून आलेले, लाजले की कानांपर्यंत लाल होतात. बावीस तारखेला मृतांचा रविवार आहे. त्या दिवशी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात आणि न परतलेल्यांचं गीत गातात. मी म्हटलं, माझ्याकडे त्याचं पूर्ववादन आहे, तयार करते. तर त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले की या गावात त्या गीताआधी ऑर्गन वाजवत नाहीत. मंडळी उठते आणि एकदम गायला लागते. का, ते त्यांनाही कोणी सांगितलेलं नाही. जुनी रीत.

मी भीत भीत विचारलं, नावं वाचताना रेम्मरचं वाचाल का? मागच्या गावात वाचलं नाही. ते लालबुंद झाले. मृत्यूची नोंद नाही तर नाव वाचता येत नाही, असं म्हणाले. वाईट माणूस नाही. पण मी कुठे जाऊ मग? विधवांच्या बाकावर बसते, आणि कागदावर माझा नवरा मेलेला नाही.

बुधवार, ११ नोव्हेंबर

सापडलं.

चार दिवस पावसाळी हवा, लाकूड फुगलंय. पायांच्या जाड नळ्यांची खुंटी ओढली तर ती अडकली, बाहेर येईना. उरली फक्त एक छोटी खुंटी, कोपऱ्यातली, जिला मी हात लावला नव्हता. लहान, अणकुचीदार आवाजाची. पायांना असला बारीक सूर कशाला दिला असेल असं वाटायचं. म्हटलं, आज हिच्यावरच वाजवू.

आणि पाय गायला लागले. हातांच्याही वर, स्वच्छ, थोड्या नाकातल्या आवाजात, एकेक सूर लांब. गीताची पहिली ओळ. इतके दिवस मी ती खालच्या जाड सुरात वाजवत होते म्हणून घोगरी झाली होती. चाल पायांत होती. ज्याला मी पाया समजत होते तो गाणारा होता.

मी रडले. थांबले नाही पण, रडत वाजवत राहिले. दुसऱ्या ओळीपर्यंत गेले असेन. मग हवाच संपली. सूर आजारी गुरासारखा खाली आला आणि मेला. वुब्बो तुळईवरून उतरून माझ्यासमोर उभा. हसरा माणूस, पण तोंड पांढरं पडलं होतं. म्हणाला, “हे नाही. नाचाचं वाजवा, वाट्टेल ते वाजवा, मी चालतो. हे नाही.”

मी म्हटलं, कोणी नाही इथे, नुसता सराव आहे. तो म्हणाला की तोच तर घोळ आहे, बाक रिकामे असताना हाक मारायची नाही.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

गेशे आली. चहाला हात लावला नाही. परवा तिने घरात बसून ऐकलं होतं. तिने सगळं सांगितलं, मी तसंच लिहिते.

तिचा मुलगा मेन्नो कोळंबीच्या जाळ्यांना गेला तो आला नाही. तेव्हाच्या मास्तरांनी तिची दया येऊन मृतांच्या रविवारी ते पूर्ववादन वाजवलं, याच बारीक सुरात. ते संपायच्या आतच कोणीतरी गायला लागलं. मंडळी अजून बसलेली होती. आवाज चर्चच्या समुद्राकडच्या दाराबाहेरून येत होता. एक, मग तीन-चार. गेशेने मेन्नोचा आवाज ओळखला. ती दाराकडे धावली, कडी हातात घेतली.

मी विचारलं, मग?

ती म्हणाली, “अगं, तो श्वासच घेत नव्हता. ओळीमागून ओळ. माझ्या पोराला दोन शब्दांत दम लागायचा. मी कडी सोडली.”

जाताना ती म्हणाली की पूर्ववादन मंडळीसाठी असतं हे खरं, पण मंडळी म्हणजे फक्त बाकांवरची नाही. जे वाट बघत बसलेत त्यांना आपण खूण द्यायची, उठवायचं, आणि मग घरात घ्यायचं नाही. हे पाप आहे म्हणाली. दार उघडलं असतं तर काय झालं असतं, ते तिने सांगितलं नाही. तिला रोज वाटतं उघडायला हवं होतं. आणि रोज वाटतं बरं झालं.

सोमवार, १६ नोव्हेंबर

वुब्बो तापाने पडलाय असा निरोप आला. खरा ताप की माझ्या वाजवण्याची धास्ती, कोण जाणे. ऑर्गन मुका. मी नुसतीच ऑर्गनच्या बाकावर बसून पायांनी पट्ट्या दाबत, कोरडा सराव केला. लाकडाची टकटक फक्त.

एक गोष्ट लक्षात आली. ओळींच्या मधल्या जागा. गीत गाताना दोन ओळींमध्ये श्वासापुरतं थांबतात. इथे पाय थांबतात ते फार जास्त. पहिल्या ओळीनंतर थोडं, दुसरीनंतर त्याहून जास्त, तिसरीनंतर इतकं की मला वाटलं पान चुकलं. आणि प्रत्येक वेळी हात मात्र वर चढत जातात. असं का लिहिलं असेल? हे कोणी नुसत्या सौंदर्यासाठी लिहीत नाही.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

वुब्बोला बघायला गेले. खरंच ताप आहे. बायकोने गोधडीत गुंडाळून ठेवलाय. मला बघून म्हणाला की आता भाते तुम्हीच चालवा आणि वाजवायला मी येतो, बघू कोणाला जास्त टाळ्या पडतात. मग झोपला.

तिथून चर्चमध्ये गेले. तीनचा सुमार, चांगला उजेड होता. कोरडा सरावच करायचा होता. स्वरलिपी लावली, छोटी खुंटी ओढून ठेवली, सवयीने. घंटीच्या दोरीला हात लावला नाही.

मागे तुळई करकरली. मग दुसरी. ऑर्गनच्या पोटात हवा भरल्याचा आवाज झाला, तो आवाज चुकायचा नाही.

मी हाक मारली, वुब्बो? त्याला तर मी आत्ता झोपलेला पाहून आले होते.

घंटी ओढायच्या आधीच चालायला लागला होता.

मी जाऊन बघितलं नाही. पट्ट्यांवर हात ठेवले आणि पहिली ओळ वाजवली. ती संपली आणि पाय थांबले. त्या थांबलेल्या जागेत, बाहेर, बांधाच्या पलीकडे फार दूर, कोणीतरी तीच ओळ म्हटली.

घरी आले. हे लिहितेय.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

समजलं.

पहाटे बांधावर गेले होते. ओहोटी होती. खाजणात वाळूचे उंचवटे दिसतात आणि मध्ये पाण्याचे ओहळ. माणूस उंचवट्यावरून चालतो, ओहळ ओलांडतो, पुन्हा उंचवटा. भरती समोरून येत नाही. ती आधी ओहळांत भरते, मागून, दोन्ही बाजूंनी. पहिला ओहळ गुडघाभर. दुसरा छातीभर. तिसरा डोक्यावरून.

ओळी म्हणजे उंचवटे. मधल्या जागा म्हणजे ओहळ. हात म्हणजे पाणी.

तो लिहिणारा माणूस बांधावर उभा होता. कोणाला तरी येताना ऐकत होता.

आणि चौथी ओळ. शेवटचा सूर पायाने दाबून धरायचा, सोडायचा नाही, वर हात चढत राहतात, चढत राहतात. तिथे तो उभा आहे. शेवटच्या उंचवट्यावर. पुढे ओहळ नाही, नुसतं पाणी. हाक मारतोय.

रेम्मर हे वर्षभर वाजवत होता. माझ्याशेजारी बसून.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

पुन्हा गेले. भाते चालायला लागले. दोन ओळी वाजवल्या.

दुसरी ओळ बांधाच्या अलीकडून आली. आवाज त्याचा होता. ‘र’ म्हणताना तो जरासा अडखळायचा.

तुळयांवरची पावलं ओली वाजत होती. म्हणजे एकच माणूस बाहेर गात होता आणि आत चालत होता. हे कसं, मला विचारू नये कोणी.

मी बोलले त्याच्याशी. चहाचं, घराचं, गेशेचं. भाते चालत राहिले. वाजवणं थांबवलं की पावलंही थांबतात.

परत येताना जिन्यावर पाणी होतं. खारट.

शनिवार, २१ नोव्हेंबर

गेशे म्हणते, जाऊ नकोस. माझ्या दाराला बाहेरून कडी घालीन म्हणाली, मग स्वतःच रडायला लागली. मी विचारलं, मेन्नोसाठी काही सांगायचंय का? तिने मला थोबाडीत मारली. मग मिठी मारली. मग म्हणाली, विचार की त्याला थंडी वाजते का.

वुब्बो उठून बसलाय. उद्या उपासनेला भाते तोच चालवणार. रीतीप्रमाणे. पूर्ववादन नाही.

मी कोणाला काही वचन दिलं नाही.

रविवार, २२ नोव्हेंबर

नावं वाचली. सात. मी वरून ऐकत होते. सातवं संपल्यावर पास्टर थांबले, वर माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. मग पान उलटलं.

मंडळी उठली आणि गीत एकदम सुरू झालं, पूर्ववादनाशिवाय. मी हात मांडीवर ठेवून बसले.

सगळे गेले. वुब्बो जाताना म्हणाला, “चला मास्तरीणबाई, खाली चला.” मी म्हटलं, आलेच.

दुपार आहे. स्वरलिपी लावलीय. वही बरोबर आणली आहे, कारण समजलेलं लिहून ठेवायची सवय लागलीय.

भाते सुरू झाले —

तीन ओळी झाल्या. तिसरी त्याने समुद्राकडच्या दारात म्हटली. दार वाजलं नाही. उघडंच असावं. बाकांत बरेचजण आहेत. मागे वळून बघत नाही. कापडातून पाणी गळतं तसं ऐकू येतंय, सगळ्या चर्चभर. मेन्नोला थंडी वाजते का, विचारलं. कोणीतरी हो म्हणालं.

चौथी —

शेवटचा सूर. हातांचे सूर संपले. वाजवण्यासारखं काही उरलं नाही, फक्त पाय. डावा पाय पट्टीवर आहे, धरलाय. सूर चालू आहे. उजव्या हाताने लिहितेय.

खाली कोणी गात नाही. सगळे थांबलेत. हा सूर आहे तोवर तो उभा आहे, पाण्याच्या वर. पाय उचलला की —

उचलणार नाही.

पायाखाली पट्टी ओली झालीय. घोट्यापर्यंत गार.

तो मागे आहे, भात्यांच्या खोलीत, चालतोय. एक तुळई, दुसरी तुळई. हवा तो देतोय, सूर मी धरलाय. असंच राहू दे. मी सांगितलं त्याला, रेम्मर, असाच चालत राहा. मला काही नको. दिसू नकोस, बोलू नकोस. नुसता चालत राहा, मी पाय धरून ठेवते, मला जमतं, मी म्हातारी होईपर्यंत —

त्याला कधी दम धरता आला नाही.

तुळई करकरली नाही. दुसरीही नाही. चालणं थांबलं.

जिन्यावर पावलं.

नको. रेम्मर, मागे जा, भाता —

येतोय. माझ्याकडे येतोय. दोन वर्षं मी हेच —

सूर उतरायला लागलाय. हवा संपतेय. मी पाय दाबलाय, दोन्ही पाय दाबलेत, तरी —

माझ्या खांद्याव